मुरमाची चाकपट्टी

आमच्या वाडीत एस.टी. येत नव्हती म्हणून माझं लग्न होत नव्हतं. या दोन गोष्टींचा काय संबंध, असं ज्याला वाटेल त्यानं त्या काळात माण तालुक्यातून पलूसकडची मुलगी मागायला जाऊन बघायला हवं होतं.

मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. वडील मुंबईला गिरणीत, घरी आई आणि मी, आणि अंगणात माझी जीप. मिलिटरीच्या लिलावातली. तिचा टप फाटका, दारं मुळातच नव्हती, आणि हॉर्न असा की वाजवल्यावर पुढचा बैल ढिम्म हलायचा नाही, मागं बसलेली म्हातारी मात्र दचकायची. वाडीतून दहिवडीच्या बाजाराला मी माणसं न्यायचो आणि शेरडं न्यायचो. माणसं पुढं, शेरडं मागं. गर्दी वाढली की हा भेदभाव मी पाळत नसे.

जीप मला मिळवून दिली सुभेदारांनी. फौजेत गाड्यांच्या पलटणीत त्यांची सगळी नोकरी गेली होती. पेन्शनीत निघाल्यावर ते वाडीत परतले आणि आमच्या समोरच्याच घरात राहिले. लिलावाला ते माझ्याबरोबर आले, इंजिनाला कान लावून त्यांनी गाडी निवडली, आणि नंतर माळावर माझ्या शेजारी बसून मला चालवायला शिकवलं. गिअर चुकला की ओरडायचे, "जवान, गाडी रडती हाय, ऐक!" ज्याचा बाप वर्षाकाठी गणपतीला तेवढा दिसतो, त्याला समोरच्या दारात असा माणूस मिळाला तर तो त्याला काय मानेल? मी तेच मानत होतो. ही हकीकत मी चारचौघांत हसत सांगतो, ऐकणारेही पोट धरून हसतात. पण सुभेदारांना मी माफ केलंय, असं कुणी धरून चालू नये.

स्थळ त्यांनीच आणलं. पलूसजवळचे बागाईतदार, नदीकाठी उसाचं रान. आम्ही दोघं बघायला गेलो. मुलगी पोह्यांच्या बशा घेऊन आली, एकदा सरळ माझ्याकडं बघितलं आणि आत गेली. मला ती पसंत पडली. तिला मी पडलो का, हे विचारायची तेव्हा रीत नव्हती. पण माझ्या बशीत खोबरं सगळ्यांपेक्षा जास्त होतं, आणि त्या खोबऱ्यावर मी पुढं कित्येक महिने जगलो.

मुलीच्या वडिलांनी शेतीची चौकशी केली नाही, कुळाची केली नाही. सुपारी कातरता कातरता एवढंच म्हणाले, "एस.टी. कुठवर येती तुमच्यात?"

"फाट्यापतूर," सुभेदार म्हणाले.

"आन् फाट्यापास्नं वाडी?"

"चार मैल. मदी थोरलं गाव लागतं. पर पोराची सोताची जीप हाय की."

"जीप जावयाची. उद्या जावयाचं आन् लेकीचं भांडाण झालं, तर लेकीनं म्हायेराला यायचं कशात? त्याच्याच जीपमदी?"

त्यांनी सुपारीची खांडं आमच्यापुढं सरकवली आणि अगदी मऊपणानं सांगितलं, "राग मानू नगा. माणसं चांगली हायसा. एस.टी. तुमच्यात येऊन वळू द्या, मी सोता टिळा घिऊन येतो. येत्या लग्नसराईपतूर थांबतो. त्याच्या म्होरं न्हाई."

परत येताना मी तोंड पाडून बसलो होतो. सुभेदारांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "आरं, एस.टी. म्हंजी काय इमान हाय व्हय? रस्ता केला की येती."

डेपोत जाऊन विचारलं, तर तिथल्या साहेबांनीही तेच सांगितलं. खड्डे बुजवा, आम्ही गाडी पाठवून बघतो. आता रस्ता तसा होता. दुष्काळी कामावर वाडीतल्या बायाबाप्यांनीच खडी फोडून केलेला. पण नंतरच्या पावसाळ्यांनी आणि बैलगाड्यांच्या लोखंडी धावांनी त्याची चाळण झाली होती. सरकारकडं अर्ज करून ते खड्डे बुजेपर्यंत माझे केस पिकले असते.

तेव्हा सुभेदारांनी मारुतीच्या देवळापुढं वाडी गोळा केली आणि आपली योजना मांडली. "घराला घरपट्टी हाय, पाण्याला पाणीपट्टी हाय. मग चाकाला चाकपट्टी पायजे. ज्यो जेवढा रस्ता चालंल, त्यानं तेवढा रस्ता भरायचा. फौजेत प्रत्येक गाडीचं मैल लिवून ठेवत्यात. आपल्यात लिवायला नगं, तोंडी चालंल. आन् पैका घ्यायचा न्हाई. पैका म्हटला की खाणारा आला. पट्टी द्यायची मुरमात. मुरूम कोण खाणार?"

लोकांना हे पटलं, म्हणजे लगेच भांडणं सुरू झाली. खालच्या आळीचा ट्रॅक्टरवाला म्हणाला, "मी अर्ध्या वाटंतनं रानाकडं वळतो. मी पुरी पट्टी का भरू?"

"म्हणून तर अंतरावर ठेवलीय, गड्या. अर्धं चाललास, अर्धी भर."

एक म्हातारा गाडीवान माझ्याकडं काठी रोखून उठला. "आवं सुभेदार, ह्यो जीपवाला दिसभर पळतोय. ह्याला डबल लावा."

"बाबा, माजी चाकं रबराची," मी म्हणालो. "तुमची धाव रस्ता करवतीगत कापती."

"कापू दे! माजी बैलं जाता-येता शेण तरी टाकत्यात खड्ड्यात. तुजी जीप काय टाकती रं?"

देवळापुढं असा हशा पिकला की पट्टी तिथंच मंजूर झाली. वाडीपासून फाट्यापर्यंत फर्लांगा-फर्लांगावर चुन्यानं रंगवलेला एक-एक दगड रोवायचा. आठवडाभरात आपली गाडी किती दगडांवरून गेली, ते शनिवारी प्रत्येकानं मारुतीची घंटा वाजवून मोठ्यानं सांगायचं, आणि तेवढी घमेली मुरूम टेकडीवरून आणून दगडांपाशी टाकायचा. मग सगळ्यांनी मिळून खड्डे भरायचे.

माझ्या फेऱ्या सगळ्यांत जास्त, आणि त्याही वाडीपासून थेट फाट्यापर्यंत, म्हणून माझी पट्टी सगळ्यांत मोठी. मी घंटा वाजवून आकडा सांगितला की लोक वाहवा करायचे, आणि मी लोकांना हात जोडायचो. दुसऱ्या दिवशी शेरडांच्या जागी जीपमध्ये मुरूम. आई घमेलं भरून द्यायची, मी ओतायचो. हाताला घट्टे पडले, पण प्रत्येक घमेल्यागणिक पलूस जवळ येतंय, असं मला खरोखर वाटायचं. करपट्टी इतक्या आनंदानं भरणारा माणूस त्या तालुक्यात दुसरा नसेल.

आमची माणसं मारुतीपुढं खोटं बोलत नाहीत. घंटेला हात लावला की खरंच सांगतात. पण दगड म्हणजे काही मारुती नव्हे. शेजाऱ्याचा बांध दर पावसाळ्यात हातभर कोरायची ज्यांच्या घराण्याची परंपरा, त्यांना रस्त्याकडेचा दगड सरकवणं म्हणजे खेळ. सकाळी बघावं तर कालचा दगड पुढं गेलेला, एखादा ओढ्यात पडलेला, एखादा कुणाच्या गोठ्यात दावणीला. दोन दगडांमधलं अंतर वाढत गेलं, दगड कमी होत गेले, आणि घंटा वाजवून सांगितलेला आकडा मात्र अक्षर न् अक्षर खरा. महिन्याभरात आमची वाडी फाट्याच्या निम्म्यानं जवळ आली.

"कुणी सरकवला ह्यो?" सुभेदार विचारायचे.

"आमी न्हाई बा. म्हशीनं लोटला आसंल."

"म्हशीनं उचलून कुपाटीपल्याड टाकला?"

"लय ताकदीची हाय, सुभेदार. दूध उगंच देती व्हय!"

शेवटी सुभेदारांनी फौजी डोकं लढवलं. सगळे दगड परत मोजून रोवले, प्रत्येकाला शेंदूर फासला आणि प्रत्येकापुढं नारळ फोडला. त्या दिवसापासून एकही दगड तसूभर हलला नाही. मी सुभेदारांच्या पाया पडलो.

चूक कुठं झाली, ते पुढच्या आठवड्यात कळलं. शेंदूर लागला म्हणजे देव आला. देव आला म्हणजे हळदकुंकू आलं, उदबत्ती आली, आणि देवापुढं टाकलेला मुरूम देवाचा झाला. आम्ही फावडी घेऊन खड्डे भरायला गेलो, तर एक म्हातारी पहिल्याच ढिगावर मांडी घालून बसली. "आदी माज्यावर फावडं घाल!" आम्ही मारुतीच्या गुरवाकडं धावलो. त्यानं शांतपणे सांगितलं, "देवाम्होरं ठेवलं ते उचलायचं नसतं." बरं, पट्टी थांबवावी तर चालू नवस मोडल्यासारखं. तेव्हा लोक मुरूम टाकतच राहिले. खड्डे होते तिथंच आणि कडेनं ढीग वाढत चाललेले.

डेपोतून एक साहेब पाहणीला आले. त्यांची गाडी दोन ढिगांच्या मधे अडकली. त्यांनी खाली उतरून ढकलायला सांगितलं, तर आमच्यातला एकजण कळवळून म्हणाला, "सायेब, दमानं. दोनी अंगाला देव हायती." साहेब वैतागले. "अहो, पूर्वी खड्ड्यातून का होईना, गाडी जात तरी होती! तुम्ही आता रस्ताच बुजवत आणलाय."

लग्नसराई तोंडावर आली. माझी भूक मेली. सुभेदार मला म्हणाले, "घाबरू नगंस. कौल लावू. देवाचा मुरूम देवालाच मागू."

आमच्याकडं काही अडलं की कौल लावतात. मारुतीच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवायची. विचारणाऱ्यानं आपला प्रश्न गुरवाच्या कानात सांगायचा, गुरवानं तो देवाला सांगायचा. उजवं फूल पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. विचारणारे अर्थात सुभेदार. सगळी वाडी हात जोडून उभी. मी ओलेत्यानं सगळ्यांच्या पुढं. सुभेदार गुरवाच्या कानाशी वाकले. गुरव देवाशी पुटपुटला. किती वेळ गेला कोण जाणे, डाव्या फुलावरून एक थेंब ओघळला. आणि टपकन उजवं फूल पडलं.

मी देवळाच्या पायऱ्या उतरलो की उडालो, आठवत नाही.

दुसऱ्याच दिवशी थोरल्या गावाचे ट्रॅक्टर मदतीला आले. त्यांनी चाकपट्टीत एक घमेलंही टाकलेलं नव्हतं, म्हणून मला त्यांचं जास्तच कौतुक वाटलं. सगळे ढीग उचलले गेले. "फाट्याकडनं सुरू करू," सुभेदार म्हणाले. "रस्ता मुळापास्नं भरत यायचा." हेही शहाणपणाचंच वाटलं. मी जीपमधून कामावरच्या लोकांना चहाच्या किटल्या पोचवत होतो. खड्डे भरले, पाणी मारलं, रोलर फिरला. फाट्यापासून निघालेला रस्ता थोरल्या गावाच्या चावडीपर्यंत आला, आणि तिथं मुरूम संपला. आमच्या वाडीचे दोन मैल होते तसे राहिले.

"ऱ्हायल्यालं म्होरल्या वर्षी," सुभेदार म्हणाले.

मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण एस.टी. थोरल्या गावात आली, चावडीपुढं वळली, तेव्हा गुलाल उधळणाऱ्यांत मी होतो. माझा हिशेब साधा होता. निम्मी वाट झाली, पलूसकर समजूतदार माणूस, सुभेदार शब्द टाकतील.

त्यानंतर मी रोज जीप घेऊन चावडीपुढं थांबायला लागलो. एस.टी.तून उतरणारी वाडीची माणसं मला मिळायची. एका सकाळी गाडीतून मुलीचे वडील उतरले. अंगात कडक इस्त्रीचे कपडे, डोक्याला फेटा, मागं चार पाव्हणे, त्यांच्या हातात झाकलेली ताटं. टिळा! मी धावलो. टप झटकला, सीट पुसली, त्यांच्या हातातलं ताट घ्यायला हात पुढं केला.

"चला पावणं, बसा. वाडी लांब न्हाई."

त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि पायाकडं नजर वळवली. "तुमी... तुमाला सांगिटलं न्हाई व्हय कुणी? आमी हितंच आलोय."

चावडीसमोरच्या घराच्या दारात सुभेदार उभे होते. जरीचा फेटा बांधून, पाव्हण्यांना या या करत. घर त्यांच्या बहिणीचं. नवरदेव त्यांचा भाचा. माझ्या हातात अजून तो पुसायचा फडका होता.

मी तसाच वाडीत आलो आणि गुरवाला गाठलं. तो फुलांच्या माळा करत बसला होता.

"कौलाच्या दिशी सुभेदारांनी कानात काय सांगिटलं?"

"थोरल्या गावापतूर रस्ता करू का, असं."

"वाडीपतूर न्हाई?"

"न्हाई. तेवढंच. उजवं पडलं."

"आन् तू गप बसलास?"

"आरं, देवाला इचारल्यालं मी गावभर सांगत फिरू व्हय? तू इचारलं असतंस तर सांगिटलं असतं." त्याचं म्हणणं बरोबर होतं, म्हणून मला आणखीच राग आला.

सुभेदार दुपारी घरी आले. मी त्यांच्या उंबऱ्यावर बसून होतो. त्यांनी फेटा काढून खुंटीला अडकवला, आणि मी काही बोलायच्या आतच म्हणाले, "भाचा पस्तिशीला टेकलाय. भनीनं पदर पसरला. तू जवान हायस, तुला सतरा मिळतील."

"मला सांगायचं हुतं."

"सांगिटलं असतं, तर तू एवढा मुरूम टाकला असतास?"

त्यांनी मला अगदी बरोबर ओळखलं होतं. माळावर शेजारी बसून माणूस ओळखला आणि तीच ओळख वापरली. मुलीला मी एकदाच बघितलं होतं, तिचं दुःख किती करणार? पण ती सगळी घमेली मी कुणासाठी ओतत होतो, हे हा माणूस रोज समोरच्या दारातून बघत होता. शनिवारी मी आकडा सांगितला की टाळी पहिल्यांदा त्यांचीच पडायची.

त्या दिवसापासून समोरच्या घरी आईची कालवणाची वाटी जायची थांबली.

लग्नाच्या आदल्या दिवशी निरोप आला, वाडीतल्या वऱ्हाडाला जीप लागेल. मी पान्हा घेतला, चारी चाकं काढली, जीप ठोकळ्यांवर चढवली आणि चाकं शेरडांच्या खोपटात टाकून कडी लावली. लग्नाच्या सकाळी मी ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसलो, कारण दुसरं काही करायला सुचेना. वाडी नटूनथटून चालत निघाली. जो तो माझ्याकडं बघून पुढं जात होता.

सगळ्यांत शेवटी सुभेदार आले. फौजेचा कोट, छातीवर पदकं. एक गुडघा धरून चालत होते.

"थोरल्या गावापतूर सोड रं. गुडगा लय ठणकतोय."

"बसा की," मी म्हणालो.

त्यांनी खाली बघितलं होतं. चाकं नाहीत, हे त्यांना दिसलेलं होतं. तरी ते बसले. आम्ही दोघं समोर बघत राहिलो. वऱ्हाडातलं कुणीतरी मागं वळून ओरडलं, "सुभेदार, गाडी कवा निघणार हाय?" त्यांनी ओरडणाऱ्याकडं बघितलंही नाही.

मग मला म्हणाले, "चाकं कवा लावशील?"

"एस.टी. वाडीत आली की."

ते उतरले. कोट नीट केला आणि लंगडत चालू लागले. ओढ्याच्या उतारावर ते एकदा थांबले, मला वाटलं वळतील. त्यांनी नुसता गुडघा चोळला.

त्या सराईनंतर मी जीप मोडीत विकली आणि पलूसकडंच उसाच्या ट्रकवर ड्रायव्हर म्हणून लागलो. नदीकाठचे रस्ते सपाट, गावोगाव एस.टी., आणि कुणाला माझं काही ठाऊक नाही. लग्न पुढं झालं. जतकडची मुलगी. तिच्या वडिलांनी फक्त पाणी किती लांब आहे, एवढं विचारलं.

वाडीला एस.टी. आली, पण बऱ्याच वर्षांनी, सरकारी खडी पडल्यावर. आई तिच्यात बसून, दोन ठिकाणी गाडी बदलून मला भेटायला आली. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाली, "सुभेदार म्होरल्या शिटावर हुते. तुजी इचारपूस केली. पोरगं बरं हाय का म्हणाले."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, जाऊन बगा की. आता एस.टी. हाय."

ते आले नाहीत. गाडी रोज सकाळी वाडीतून सुटत होती.